नाव कोणाचे, हात कोणाचे?

१० डिसेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारसा समितीची बैठक चालू असताना, एकाच दिवशी आपल्या दिवाळीचा आणि इटलीच्या स्वयंपाकाचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी आनंद व्यक्त केला आणि दोन्हीकडे अभिमानाची भाषा बोलली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये मिलान शहरात ‘प्राडा’ या इटालियन फॅशनगृहाने पुरुषांच्या पोशाखांच्या सोहळ्यात हुबेहूब कोल्हापुरी वाटाव्यात अशा चपला दाखवल्या होत्या आणि त्यांचे वर्णन ‘चामड्याच्या सँडल’ एवढेच केले होते. तेव्हा आपल्याकडे संताप उसळला आणि तो रास्तच होता. पण या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या की अभिमान आणि संताप या दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न वर येतो. परंपरेचा मालक कोण? राष्ट्र, प्रांत, ती विकणारी कंपनी, की ती रोज हाताने करणारी माणसे?

या प्रश्नाचा अभ्यास करायला इटली हा फार सोयीचा देश आहे, कारण तेथे या चारही दावेदारांची उदाहरणे ढळढळीतपणे सापडतात. त्यांतून मला जे दिसते ते असे की परंपरेचे वय, तिचे पावित्र्य आणि तिच्यावरचा राष्ट्रीय शिक्का यांचा तिच्या टिकण्याशी संबंध कमी आहे. जेथे करणाऱ्यांनी आपली संस्था उभारली, नियम स्वतः ठरवले, खर्च स्वतः सोसला आणि वेळप्रसंगी नियम बदलण्याचा अधिकारही स्वतःकडे ठेवला, तेथे इटलीतली परंपरा धडधाकट आहे. इतरत्र तिचे नाव तेवढे मोठे झाले आहे.

आधी वयाचा मुद्दा निकालात काढू. इटली हे राज्य १८६१ साली झाले, आणि त्या वेळी पिडमाँटचा माणूस आणि सिसिलीचा माणूस यांच्या ताटात साम्य शोधावे लागले असते. लोणी, भात आणि पोलेंता (मक्याची घट्ट लापशी) खाणारी उत्तर आणि ऑलिव्ह तेल व कोरडा पास्ता खाणारी दक्षिण हे दोन वेगळे प्रदेश होते. १८९१ साली पेल्लेग्रिनो आर्तुझी या सेवानिवृत्त व्यापाऱ्याने पदरमोड करून पाककृतींचा संग्रह छापला, आणि पुढे वाचक गृहिणींच्या पत्रांतून तो आवृत्तीगणिक वाढत गेला, तेव्हा कोठे ‘इटालियन स्वयंपाक’ या कल्पनेला एक घर मिळाले. आज जगभर इटालियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कित्येक पदार्थांचा जन्म त्यानंतरचा आहे. कार्बोनारा या पास्त्याची सर्वांत जुनी ज्ञात छापील कृती १९५२ सालची असून ती शिकागोत प्रसिद्ध झाली. इटलीतल्या मासिकात ती १९५४ साली आली आणि तीत चक्क स्विस ग्रुयेर चीज आणि लसूण होते, जे आज रोममधल्या एखाद्या स्वयंपाक्यासमोर नुसते उच्चारले तरी भांडण होईल. चाबात्ता हा पाव १९८२ साली व्हेनेतो प्रांतातल्या आद्रिया गावी, ‘बागेत’ या लांबट फ्रेंच पावाला उत्तर म्हणून, जाणूनबुजून तयार करण्यात आला. तिरामिसू हे गोड पक्वान्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले.

पार्मा विद्यापीठातले अन्न-इतिहासाचे अभ्यासक आल्बेर्तो ग्रांदी गेली काही वर्षे या गोष्टी जाहीरपणे सांगत आहेत, आणि २०२३ साली त्यांची मुलाखत एका इंग्रजी वृत्तपत्रात आल्यावर इटलीत मोठा गदारोळ झाला. त्यांचा सर्वांत टोचणारा दावा असा की शंभर वर्षांपूर्वीच्या पार्मिजानो चीजच्या जवळचे चीज आज हवे असेल तर ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शोधावे. या वादात दोन्ही बाजू एका गोष्टीवर नकळत एकमत करतात असे मला वाटते. ग्रांदी यांच्यावर चिडलेले लोक म्हणतात की परंपरा जुनी आहे म्हणून तिला संरक्षण द्यायला हवे, आणि ग्रांदी यांच्या म्हणण्याचा अर्थ काहीजण असा लावतात की परंपरा नवी आहे म्हणून तिचे संरक्षण हे थोतांड आहे. वय हीच परंपरेची किंमत, हे गृहीत दोघांनीही धरलेले आहे. चाबात्ता चाळीस वर्षांचा असला तरी तो करायला हात लागतात, भट्टी लागते, आणि पहाटे उठावे लागते. माझ्या दृष्टीने प्रश्न तेथे सुरू होतो.

या वयाच्या हट्टातून किती गमतीदार गोष्टी निघतात याचे उदाहरण बोलोन्या शहरात काचेच्या पेटीत ठेवलेले आहे. १९७२ साली इटालियन पाककला अकादमीने बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ताल्यातेल्ले या पास्त्याची सोन्याची पट्टी रीतसर जमा केली. शिजल्यावर पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर असावी, म्हणजे शहरातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग, असे तीत ठरवले आहे. दहा वर्षांनी त्याच चेंबरमध्ये मांसाच्या रस्स्याची, म्हणजे रागूची, ‘अधिकृत’ कृती जमा झाली, आणि २०२३ साली त्या अधिकृत कृतीत सुधारणा करावी लागली. मला यात थट्टेपेक्षा कबुली जास्त दिसते. सुधारता येते ती गोष्ट लोकांनी ठरवलेली असते, आणि ठरवलेली आहे हे मान्य करण्यात काही कमीपणा नाही. फक्त ठरवणारे कोण होते हे विचारायला हवे. बोलोन्यात ठरवणारे भोजनप्रेमी प्रतिष्ठित होते. रोज कणीक लाटणाऱ्या स्त्रिया, ज्यांना तेथे ‘स्फोल्यीना’ म्हणतात, त्यांच्या लाटण्याला त्या सोन्याच्या पट्टीने काही फरक पडलेला नाही.

ठरवणारे आणि करणारे एकच असले की काय होते, हे पार्मा, रेज्जो एमिल्या आणि मोदेना या जिल्ह्यांत पाहावे. पार्मिजानो रेज्जानो हे चीज या तीन जिल्ह्यांत आणि बोलोन्या व मान्तुवा यांच्या नदीने आखून दिलेल्या भागांत होते, त्याबाहेर नाही. आदल्या संध्याकाळचे दूध रात्रभर उथळ भांड्यांत ठेवून वर आलेली साय काढतात, त्यात सकाळचे निरसे दूध मिसळतात, आदल्या दिवसाच्या निवळीचे विरजण आणि वासराच्या जठरातले रेनेट घालून उलट्या घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या कढईत ते साकळवतात. एका चाकाला सुमारे ५५० लिटर दूध लागते आणि तयार चाकाचे वजन ४० किलोच्या आसपास भरते. गाईंना मुरघास घालण्यास बंदी आहे, कारण मुरघासातले जिवाणू महिनोन्‌महिने मुरणाऱ्या चीजला आतून फुगवतात आणि तडे पाडतात. किमान बारा महिने मुरल्यावर तपासनीस येतो आणि लहानशा हातोडीने चाक चहूबाजूंनी वाजवून पाहतो. आवाज बद्द आला तर आत पोकळी आहे हे त्याला कळते, आणि अशा चाकाच्या सालीवरचे नाव खरवडून काढले जाते.

हे सगळे नियम कोणा मंत्र्याने केलेले नाहीत. १९३४ साली उत्पादकांनी एकत्र येऊन संघ स्थापन केला. कायद्याचे संरक्षण १९५० च्या दशकात आणि युरोपीय संघाचे संरक्षित नाव १९९६ साली, म्हणजे बरेच नंतर आले. आज तीनशेच्या आसपास चीजशाळा या संघात आहेत, त्यांतल्या पुष्कळशा दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था आहेत, आणि वर्षाला चाळीस लाखांच्या घरात चाके तयार होतात. प्रत्येक चाकामागे संघाला वर्गणी जाते आणि तिच्यातून जाहिरात आणि नावाचा गैरवापर करणाऱ्यांविरुद्धचे खटले चालतात. किती चाके करायची याचा आराखडाही संघच ठरवतो, म्हणजे भाव कोसळू नयेत. जर्मनीत ‘पार्मेझान’ या नावाने विकल्या जाणाऱ्या चीजवरून प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. तो शब्द संरक्षित नावाचीच आठवण करून देतो, असे न्यायालयाने २००८ साली म्हटले, पण गैरवापर शोधून काढून आपणहून कारवाई करण्याचे बंधन जर्मन सरकारवर नाही असेही सांगितले. म्हणजे नावाचा पाठलाग शेवटी नावाच्या मालकालाच करावा लागतो. संघाकडे पैसा होता, वकील होते, म्हणून पाठलाग झाला. आपल्या सहकारी साखर कारखान्यांचा आणि दूधसंघांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे गणित परके वाटू नये. संघ म्हटले की राजकारण आले आणि लहान-मोठ्यांतली ओढाताण आली, हेही त्यांना सांगायला नको. एमिल्यातही, म्हणजे या चीजच्या प्रदेशातही, ती आहेच. पण भांडण घरातल्यांचे आहे.

नाव सैल सोडले की काय होते हे पाहायला त्याच मोदेनात थांबावे. द्राक्षाचा रस आटवून, एकाहून एक लहान पिंपांच्या मालिकेत किमान बारा वर्षे मुरवलेला ‘पारंपरिक’ बाल्सामिक सिरका शंभर मिलिलिटरच्या ठराविक बाटलीतच विकला जातो. मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपांची मालिका लावण्याची रीत त्या भागातली आहे. २००९ साली ‘मोदेनाचा बाल्सामिक सिरका’ या जवळजवळ त्याच नावाला दुसरे, सैल संरक्षण मिळाले. त्यात साधा वाइनचा सिरका चालतो आणि साठ दिवस पुरतात. दुकानातल्या फळीवर दोन्ही एकाच घराण्यातले वाटतात. २०१९ साली युरोपीय न्यायालयाने त्यापुढे जाऊन सांगितले की ‘बाल्सामिक’ हा सुटा शब्द कोणीही वापरावा. बारा वर्षे वाट पाहणाऱ्याच्या नावावर साठ दिवसवाल्याने धंदा करावा, हा व्यवहार कायदेशीर असला तरी मला तो न्याय्य वाटत नाही.

खाण्यावरून हस्तकलेकडे वळले तर वयाचा दावा आणखी पोकळ ठरतो. क्रेमोना हे व्हायोलिनचे गाव. आमाती, ग्वार्नेरी आणि स्ट्राडिव्हारी या घराण्यांनी त्याला जगात नाव मिळवून दिले. युनेस्कोने २०१२ साली क्रेमोनाच्या पारंपरिक व्हायोलिननिर्मितीला आपल्या यादीत घेतले, तेव्हा सामान्य वाचकाची समजूत अशीच झाली असणार की सतराव्या शतकापासून बापाकडून मुलाकडे ही विद्या अखंड चालत आली आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. आंतोनियो स्ट्राडिव्हारी १७३७ साली वारला आणि त्यानंतर काही दशकांतच ही परंपरा त्या गावात जवळजवळ विझली. १९३७ साली त्याच्या द्विशताब्दीनिमित्त गावाने जुनी वाद्ये जमवून प्रदर्शन भरवले आणि पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये, व्हायोलिननिर्मितीची शाळा काढली. मुसोलिनीच्या राजवटीला राष्ट्रीय वैभवाचे देखावे हवे होते हे त्यामागे होतेच. राजवट गेली, शाळा उरली. आज गावात शंभराहून अधिक कारखाने आहेत, आणि त्या कारखान्यांत हातात रंधा धरून बसलेल्यांत जपान, कोरिया, चीन अशा देशांतून शिकायला आलेले आणि तेथेच राहिलेले अनेक कारागीर आहेत. त्यांच्या वाद्यावर ‘क्रेमोना’ लिहिलेले असते आणि ते खरेच असते.

परंपरा रक्तातून येते असे मानणाऱ्यांना क्रेमोनाचे काय करावे हे सुचत नाही. तेथे ती बराच काळ जवळजवळ नव्हती, मग बाकावरून, शिक्षकाकडून, परदेशी विद्यार्थ्यांच्या हातांतून परत आली. लाकूड मात्र तेच लागते. व्हायोलिनची वरची फळी आल्प्सच्या फिएम्मे खोऱ्यातल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची करतात, आणि ऑक्टोबर २०१८ च्या ‘वाया’ वादळाने ईशान्य इटलीच्या डोंगरांत लाखो झाडे आडवी केली, तेव्हा कारागिरांना युनेस्कोच्या प्रमाणपत्रापेक्षा जंगलाची काळजी अधिक वाटली असेल.

उत्सवांच्या बाबतीत सिएना आणि व्हेनिस ही जोडी मला नेहमी बोलकी वाटते. सिएनात २ जुलै आणि १६ ऑगस्टला काम्पो चौकात पालियो ही घोड्यांची शर्यत होते. तीन फेऱ्या, खोगिराविना, दीड मिनिटाच्या आतबाहेर सगळे संपते. शहराच्या १७ कोन्त्रादा, म्हणजे मोहल्ले म्हणा किंवा पेठा म्हणा, आणि त्यांच्या हद्दी १७२९ सालच्या एका फर्मानाने ठरलेल्या आहेत. एका शर्यतीत दहाच धावतात. घोडा चिठ्ठीने मिळतो, त्यामुळे श्रीमंत कोन्त्रादेला चांगला घोडा विकत घेता येत नाही. स्वार भाड्याचे आणि बाहेरचे, बहुतेकदा सार्डिनियाचे, आणि ते फितूर होऊ शकतात हे सगळ्यांनी गृहीतच धरलेले असते. स्वार पडला आणि घोडा एकटा पुढे आला तरी कोन्त्रादा जिंकते. बक्षीस म्हणून चितारलेले रेशमी निशाण मिळते, ज्याला सिएनाचे लोक लाडाने ‘चिंधी’ म्हणतात. पण खरी गोष्ट त्या दीड मिनिटात नाही. कोन्त्रादेचे स्वतःचे चर्च, संग्रहालय, सभागृह आणि कारंजे आहे, त्या कारंज्यावर मुलाचे कोन्त्रादेत नामकरण होते, आणि वर्षभर तेथे जेवणावळी, निवडणुका, हिशेब, रुसवेफुगवे चालू असतात. चौकाच्या मध्यभागी उभे राहून शर्यत पाहायला पैसे पडत नाहीत. कोन्त्रादांच्या रंगांचा आणि चिन्हांचा व्यापारी वापर कोणी करायचा हे कोन्त्रादाच ठरवतात.

पालियोत घोडे जखमी होतात, काही मरतात, आणि त्यावरची प्राणीप्रेमींची टीका खोटी नाही. वळणावर गाद्या लावल्या गेल्या, नाजूक हाडाच्या शुद्ध वंशाच्या घोड्यांना बंदी झाली, वैद्यकीय तपासणी कडक झाली, ती बरीचशी या टीकेमुळेच. एवढ्याने समाधान मानावे असे मी म्हणणार नाही. करणाऱ्यांच्या मालकीचा मी पुरस्कार करतो याचा अर्थ करणाऱ्यांना जाब विचारू नये असा होत नाही. उलट कोन्त्रादेला नाव, पत्ता आणि कारभारी असतात म्हणून जाब कोणाला विचारायचा हे तरी कळते.

व्हेनिसच्या कार्निव्हलला जाब विचारायचा तर कोणाला? प्रजासत्ताक १७९७ साली नेपोलियनपुढे कोसळल्यावर तो उत्सव बंद पडला, आणि १९७९-८० च्या सुमारास पर्यटनाला उठाव देण्यासाठी तो पुन्हा सुरू करण्यात आला. नवा आहे म्हणून मी त्याला नावे ठेवत नाही, कारण क्रेमोनाचीही तीच कथा आहे. फरक असा की क्रेमोनाने शाळा काढली आणि व्हेनिसने मुखवट्यांची दुकाने काढली. कागदाच्या लगद्याचे मुखवटे हाताने करणारे थोडे कारागीर अजून आहेत, पण त्यांच्या शेजारच्या दुकानात परदेशी साच्यातले मुखवटे त्यांच्या किमतीच्या काही अंशात मिळतात. जुन्या बेटावरच्या व्हेनिसची वस्ती २०२२ साली पन्नास हजारांच्या खाली गेली, आणि २०२४ पासून ठराविक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून ५ युरो प्रवेशशुल्क घेतले जाऊ लागले. ज्या गावात राहणारे कमी आणि पाहणारे जास्त झाले, त्या गावातल्या मुखवट्यामागे चेहरा कोणाचा असतो हे मी वाचकांवर सोडतो.

आता दक्षिणेकडे, बारी या बंदराच्या जुन्या गावठाणात जाऊ. तेथे एका गल्लीत म्हाताऱ्या बायका दाराबाहेर लाकडी पाट मांडून बसतात आणि ड्यूरम गव्हाच्या रव्याच्या कणकेची वळी सुरीने कापत, अंगठ्याने उलटवत ओरेक्किएत्ते, म्हणजे कानाच्या पाळीएवढा पास्ता, करतात. जाळीच्या चौकटींवर तो उन्हात वाळत असतो आणि शहराच्या पर्यटनाच्या प्रत्येक जाहिरातीत या बायकांचे चित्र असते. २०१९ साली एका उपाहारगृहात असा हातचा पास्ता सापडला, त्याला वेष्टन नव्हते, घटकांची यादी नव्हती, माग काढता येईना, म्हणून दंड झाला आणि पास्ता फेकून द्यावा लागला. पुढे २०२४ मध्ये त्या गल्लीतल्या काही विक्रेत्या कारखान्यातला पास्ता हातचा म्हणून विकत असल्याचा आरोप झाला आणि चौकशी लागली. दोन्ही घटनांत कायद्याची बाजू चुकीची नव्हती, गिऱ्हाइकाला आपण काय खातो हे कळायलाच हवे. पण शहराने ज्यांचा चेहरा वापरला त्यांना ना संघ दिला, ना सोपा परवाना, ना हातच्या मालावर लावायला स्वतःचा शिक्का. मग प्रत्येक बाई एकटी, आणि एकटीला फसवणूक सोपी व नियम अवघड. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि लाटणारी प्रत्येक बाई मालकीणच राहील असे ठरवले, ती गोष्ट मला बारीची गल्ली पाहताना आठवल्याशिवाय राहत नाही.

येथवर मी करणाऱ्यांच्या संघांची बाजू घेतली. पण त्या संघांतही एक मोठे भगदाड आहे, आणि ते भारतीय वाचकाने विशेषकरून पाहावे. पो नदीच्या मैदानात, ज्या गोठ्यांतल्या दुधाचे ते नामांकित चीज होते, तेथे १९८० च्या दशकापासून पंजाबी शीख मोठ्या संख्येने काम करत आहेत. पहाटे आणि संध्याकाळी, सणवार न पाहता, गाई पिळायला स्थानिक तरुण मिळेनासे झाले, तेव्हा हे काम त्यांनी उचलले. रेज्जो एमिल्या जिल्ह्यातल्या नोव्हेल्लारा गावी २००० साली मोठा गुरुद्वारा उभा राहिला, तो या वस्तीचाच पुरावा. ही मंडळी निदान नोकरीत आहेत. रोमच्या दक्षिणेला लातिना जिल्ह्यातल्या भाजीपाल्याच्या शेतांत काम करणाऱ्या शिखांची स्थिती वाईट आहे. आपल्याकडच्या ऊसतोडीतल्या मुकादमासारखा तेथे ‘कापोराले’ असतो, जो मजूर पुरवतो आणि मजुरीतला हिस्सा कापतो. या प्रथेविरुद्ध २०१६ साली कडक कायदा झाला, त्याच वर्षी लातिनातल्या शीख मजुरांनी संपही केला. तरीही जून २०२४ मध्ये तेथे एका भारतीय मजुराचा हात यंत्रात सापडून तुटला, त्याला दवाखान्यात नेण्याऐवजी घराजवळ टाकून देण्यात आले आणि तो मेला. सारा इटली हादरला. इटलीचे नागरिकत्व मागायला युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला दहा वर्षांचा रहिवास लागतो. तो पाच वर्षांवर आणण्यासाठी जून २०२५ मध्ये सार्वमत झाले, तेव्हा तिसऱ्या हिश्शाइतके मतदारही केंद्रावर फिरकले नाहीत आणि ते रद्दबातल ठरले.

सहा महिन्यांनी दिल्लीत ‘इटालियन स्वयंपाक’ यादीत गेला. त्या नोंदीत शाश्वतता आणि जैव-सांस्कृतिक विविधता यांचा गौरव आहे. मला त्या गौरवाचे वावडे नाही. पण राष्ट्राचे नाव पदार्थाला लावले की त्यात राष्ट्राचे कोण आणि कोण नाही हा प्रश्नही ताटात येतो, आणि २०२२ साली कृषिमंत्रालयाच्या नावात ‘अन्न-सार्वभौमत्व’ हा शब्द घालणाऱ्या सरकारला तो चुकवता येणार नाही. चीजच्या चाकावर चीजशाळेचा क्रमांक ठिपक्यांनी कोरलेला असतो. गाय पिळणाऱ्याचा क्रमांक कोठेही नसतो.

आता मिलानच्या त्या चपलांकडे परत येतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून. मानांकनाचा कायदा नावाचे रक्षण करतो. प्राडाने नाव वापरलेच नव्हते, घाट घेतला होता, म्हणून मानांकनाच्या कायद्याला तेथे चावायला दात नव्हते. शिवाय ते मानांकन भारतातले. गमतीची गोष्ट अशी की हस्तकलेला मानांकन देण्यात भारत युरोपच्या पुढे होता. आपला कायदा १९९९ चा आणि त्यात पैठणीपासून चपलेपर्यंत सगळे बसते, तर युरोपीय संघाचे संरक्षण अन्न, वाइन आणि मद्य यांपुरतेच होते. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या काचेला तेथवर पोचण्यासाठी १ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या नियमाची वाट पाहावी लागली. मग कायद्यात पुढे असलेला कोल्हापूर व्यवहारात मागे का पडला?

याचे एक उत्तर मुंबई उच्च न्यायालयात मिळाले. काही वकिलांनी जनहित याचिका केली, आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळताना, मानांकन ज्यांच्या नावे आहे त्यांनीच दाद मागावी, असा पवित्रा घेतला. ते कोणाच्या नावे आहे? महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे लिडकर या दोन सरकारी महामंडळांच्या. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने करार केला तोही या दोन महामंडळांशीच. सुमारे २,००० जोड भारतात करून घ्यायचे आणि ते जगभरच्या चाळीस दुकानांत सुमारे ८०० युरोंना विकायचे असे ठरले. कारागिरांना प्रशिक्षण मिळेल, काम मिळेल, हे चांगलेच आहे. करार झाला नसता तर बरे झाले असते असे मला अजिबात वाटत नाही. पण एमिल्यातला शेतकरी नावाचा धनी आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कापशीचा चप्पल शिवणारा नावाचा लाभार्थी आहे, हा फरक ८०० युरोंनी बुजत नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हे कातडे कमावले आणि त्याबद्दल गावाची हेटाळणी सोसली, त्याला त्याच चपलेच्या नावाचे धनी मानायला आपल्या राज्ययंत्रणेलाही जड जाते, असे यातून दिसते. कारागिरांना संघ चालवता येणार नाही, म्हणून सरकारने चालवावा, हा युक्तिवाद ऐकू येतो. १९३४ साली एमिल्यातल्या गवळ्यांबद्दलही कोणी असेच म्हणू शकले असते.

महामंडळाने आता प्रत्येक जोडासाठी क्यूआर कोड आणला आहे, ज्यातून करणाऱ्या कारागिराची किंवा बचत गटाची माहिती गिऱ्हाइकाला मिळावी. चीजच्या चाकावरच्या ठिपक्यांचीच ही आवृत्ती म्हणायची. त्याच्यापुढचे काम कागदावर लहान आहे. मानांकनाची नोंद कारागिरांच्या निवडून आलेल्या संघाच्या नावे करावी किंवा निदान त्या संघाला महामंडळांच्या बरोबरीने सहधनी करावे, प्रत्येक जोडामागे ठराविक वर्गणी त्या संघाकडे जावी, वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले कातडे किती काळ आणि कसे वापरायचे, यंत्राची शिलाई कोठवर चालेल, हे त्या संघाच्या बैठकीत ठरावे. आणि पुढच्या वेळी एखादे फॅशनगृह कोल्हापुरात आले, तर त्याला मंत्रालयात न नेता त्या बैठकीत खुर्ची द्यावी. रोजंदारीवर कातडे कमावणाऱ्याला आणि वेणी घालणाऱ्या बाईलाही तेथे मत असावे, म्हणजे पो नदीच्या काठी राहून गेलेले भगदाड पंचगंगेच्या काठी तरी राहणार नाही.